सुनेचं मांजर आणि हॉलची भिंत

घनश्यामराव गावंडे यांचं कुणाशीच फार काळ पटलं नाही. सख्ख्या भावाशी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाद झाला, तो बोलणं तुटण्यापर्यंत गेला. शेजाऱ्याशी नालीच्या पाण्यावरून वाजलं, ते शेजारी घर विकून गेला तेव्हाच थांबलं. कपाशी आणि तूर त्यांच्यासारखी कुणी पिकवत नाही, हे त्यांच्याशी न बोलणारेही कबूल करायचे. पण दुरूनच. जवळ जाऊन कौतुक करावं, तर त्यातही हा माणूस काहीतरी खोट काढणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

साठी ओलांडल्यावर त्यांनी गावातलं मातीचं घर सोडलं आणि पांढरकवड्याला, हायवेच्या अलीकडच्या नव्या लेआउटमध्ये पक्कं घर बांधलं. बांधकाम चालू असताना ते रोज खुर्ची टाकून समोर बसत. दोन मिस्त्री त्यांच्या तोंडाला कंटाळून काम सोडून गेले. हॉलमधली समोरची भिंत तर त्यांनी पेंटरकडून पुन्हा पुन्हा घासून घेतली. पुट्टी, मग पॉलिश पेपर, परत पुट्टी. शेवटी तिच्यावर सायीसारखा रंग चढला, आणि सकाळी दारातून ऊन आलं की भिंत नुसती चमकायची. आंघोळ झाली की घनश्यामराव तिच्यावरून तळहात फिरवत. देवाला नमस्कार त्यानंतर.

या भिंतीमागे एक जुनी गोष्ट होती. ते लहान असताना घराच्या भिंती मातीच्या होत्या, वरून पांढरा पोचारा. कुणी टेकून बसलं की पाठ पांढरी व्हायची. थोरल्या बहिणीला पाहायला वणीकडचे पाहुणे आले, तेव्हा मुलाचा मामा काळा कोट घालून आला होता. चहा-पोहे झाले, पाहुणे उठले, आणि मामाच्या पाठीवर अख्खी भिंत उमटलेली. पाहुण्यांतल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. सोयरीक जमली नाही. कारण दुसरंही असेल, पण दाराआड उभ्या असलेल्या पोराने ते हसणं पाहिलं होतं. त्याच्या मनात ते तसंच राहिलं.

अशा घरात दिपाली सून म्हणून आली, आणि तिच्याबरोबर मांजर आलं.

दिपाली यवतमाळची. शिकत असताना ती एकटी खोली करून राहायची, तेव्हापासूनचं हे मांजर. पांढरं, अंगावर पिवळे ठिपके, म्हणून नाव बुंदी. लग्न ठरताना तिने सरळ सांगितलं होतं, "माझ्यासोबत माझं मांजर येईन." घनश्यामरावांना वाटलं, पोरगी गंमत करते आहे. ते हसले आणि म्हणाले, "आण बापा, मांजर काय, म्हैस आण." तो शब्द त्यांच्याच गळ्यात पडला. मुलगा अक्षय बी-बियाण्यांचं दुकान चालवायचा, दिपाली पांढरकवड्यातच एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला लागली. ती सकाळी गेली की बुंदी दिवसभर घरात, आणि घनश्यामरावही घरात.

एका सकाळी त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, तर बोटांना काहीतरी लागलं. सोफ्याच्या मागे, कमरेच्या खाली, ओळीने ओरखडे. रंग निघून आतली पांढरी पुट्टी दिसत होती. खाली फरशीवर पिठासारखा चुरा पडला होता.

"कौसल्ये, इकडं ये," त्यांनी बायकोला हाक मारली.

कौसल्याबाई हात पुसत आल्या. ओरखडे पाहून त्यांचा चेहरा पडला. "मांजरीनं केलं वाटते," त्या म्हणाल्या.

"वाटते? तूच केलं असशीन मंग. तिले सांग, संध्याकाळपावतर ते जनावर या घरात दिसलं नाई पाह्यजे."

दिपाली डबा भरून स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती. "मामाजी, मी इथंच आहे," ती म्हणाली. "मले सांगा नं."

त्यांनी तिच्याकडे मान वळवली नाही. "तिले सांग," ते बायकोलाच म्हणाले, "म्या तुले सांगितलं म्हण."

"आई," दिपालीही कौसल्याबाईंकडेच पाहून बोलली, "मामाजीले सांगा, बुंदी कुठी जात नाई. ओरखडे मी बुजवून देतो, अन् पुढं होणार नाई हे बी पाहतो. उलीसा वेळ लागंन."

कौसल्याबाईंनी दोघांकडे पाहिलं आणि कुणालाच काही सांगितलं नाही. त्या दिवसापासून त्या घरात असंच बोलणं सुरू झालं. समोरासमोर उभं राहून दोघं तिसऱ्याला निरोप द्यायचे.

मांजर संध्याकाळीही दिसलं आणि दुसऱ्या दिवशीही. घनश्यामरावांनी मग स्वतःच उपाय हातात घेतला. कौसल्याबाई शेजारी गेलेल्या पाहून त्यांनी डब्यातलं लाल तिखट पाण्यात कालवलं आणि फडक्याने भिंतीच्या त्या भागावर फासलं. बुंदी आली, तिने नाक पुढे केलं, शिंकली आणि मागे सरली. घनश्यामराव खूश झाले. पंखा लावला आणि खुर्चीत बसले. मग वाळलेलं तिखट उडू लागलं. आधी त्यांना ठसका लागला, मग परत आलेल्या कौसल्याबाईंना. कौसल्याबाईंचे डोळे असे चुरचुरले की त्या न्हाणीघरातून बाहेरच येईनात. ओल्या फडक्याने तिखट पुसलं, पण सायीच्या रंगावर लाल झाक उमटून राहिली. ती ओरखड्यांपेक्षा लांबून दिसत होती. बुंदीने तेवढी जागा सोडली आणि टीव्हीजवळच्या कोपऱ्यात नवे ओरखडे काढले.

मग त्यांनी तुराटीची काडी हाताशी ठेवली. मांजर भिंतीकडे गेलं की काडी उचलायची. एकदा ती बुंदीच्या पाठीवर बसलीसुद्धा. बुंदी कोकलत पलंगाखाली गेली आणि दिपाली कामावरून येईपर्यंत बाहेर आली नाही. दिपालीने तिच्या पाठीवरून हात फिरवला, तसं मांजर दुखून वळलं. दिपाली तशीच हॉलमध्ये आली. त्या दिवशी तिने निरोप वगैरे दिला नाही.

"मामाजी, तुम्ही मारलं तिले."

"माझ्या घरात माझ्या भितीचं वाटोळं करंन तं मारीन."

"मारून ती थांबत नाई. तुमच्यासमोर थांबते फक्त. तुमची गाडी गेटाबाहेर गेली का सुरू होते." ती आवाज न चढवता बोलत होती. "तिच्या नखाले वरून टरफलं येतात. ते निघाले पाह्यजे म्हून ती घासते. अंग ताणते. ही तिची जागा आहे अशी खूणबी करते. ते तिचं चुकत नाई. तिले घासाले दुसरं काई तरी द्यावं लागते."

"तिची जागा?" घनश्यामराव एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी दिपालीने सुताराकडून सागाचा एक जुना दांडा आणला. माणसाच्या कमरेएवढा उंच. खाली पाटाचा तुकडा ठोकून घेतला. मग ओट्यावर बसून तिने त्याला सुतळी गुंडाळली, घट्ट, वेढ्याला वेढा लागेल अशी, आणि वरच्या टोकाला पोत्याचा तुकडा शिवला. तिचे तळहात सोलून निघाले. खांब तिने नेऊन ठेवला तो बरोबर सोफ्यामागे, ओरखड्यांच्या समोर.

घनश्यामराव बाहेरून आले. त्यांनी चपलाही काढल्या नाहीत. खांब उचलला, मागच्या दाराने नेला आणि कपडे धुवायच्या दगडाजवळ आपटला.

"हॉलमंधी बारदान्याचा खांब," ते अक्षयला म्हणाले. "उद्या पाहुणे येतीन तं काय सांगू? आमच्या घरी मांजरीचं देऊळ आहे म्हून?"

"राहू द्या नं बाबा मागंच," अक्षय मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. "दिपाली, मागं ठेवला तरी चालते नं?"

"नाई चालत," दिपाली म्हणाली. "मांजर सगळ्यांले दिसीन अशाच जागी खूण करते. मागं कोण पाह्यते?"

"म्हणजे आता मांजरीच्या मर्जीनं घर लावू?" घनश्यामरावांनी विचारलं.

"घर कोणाच्या मर्जीनं चालते ते मी येल्यापासून पाहूनच राह्यली," दिपाली म्हणाली.

अक्षय उठला. "तुम्ही दोघं पाहून घ्या," तो म्हणाला, "मी दुकानात चाललो." रविवारी दुकान बंद असायचं, पण तो गेला.

खांब मागेच राहिला. बुंदीने एकदा जाऊन त्याचा वास घेतला आणि आत येऊन भिंतीवर नखं टाकली. घनश्यामरावांनी ते पाहिलं. राग तर आलाच, पण सून हरली याचं त्यांना त्याहून जास्त बरं वाटलं. "पाह्य," त्यांनी बायकोला दाखवलं, "तिचा खांब मांजरीनं बी लाथाडला."

अशात एकदा घनश्यामराव दाढी करायला गेले असताना हैदराबादच्या बाजूने आलेला एक ट्रक ड्रायव्हर न्हाव्याच्या दुकानात गप्पा छाटत बसला होता. मांजराचा विषय निघाला, तसा तो म्हणाला की परदेशात लोक मांजराची नखंच काढून टाकतात. एकदा काढली की झालं, पुन्हा येतच नाहीत. घनश्यामरावांच्या गालावर साबण होता. ते बोलले नाहीत, पण घरी येईपर्यंत त्यांचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दिपाली कामावर गेल्यावर त्यांनी भाजीचा चेनचा थैला काढला.

"हे काय करून राह्यले?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"मांजर धर."

"कायले?"

"धर म्हटलं नं."

कौसल्याबाईंनी धरलं नाही. त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. घनश्यामरावांनी दुधाची वाटी दाखवली, बुंदी पुढे आली, तिच्यावर टॉवेल टाकला आणि थैल्यात कोंबलं. श्वासापुरती चेन उघडी ठेवून थैला मोटरसायकलच्या टाकीवर धरला आणि ते निघाले.

जनावरांचा दवाखाना उज्ज्वला राठोड नावाच्या बाईचा होता. जवळच्याच एका तांड्यावरची मुलगी, शिकून डॉक्टर झालेली. दारात एक बकरी पाय बांधून पडली होती, तिला सलाइन लावलेलं. घनश्यामरावांना आधी वाटलं, बाई डॉक्टर आहे, ही काय करणार. पण आता आलोच आहोत म्हणून त्यांनी थैला टेबलावर ठेवला.

"काय झालं हिले?" डॉक्टरांनी चेन थोडी उघडून आत पाहत विचारलं.

"हिले काई नाई झालं. माझ्या भितीले झालं. हिची नखं काढून द्या."

"टोकं कापून देतो. दर पंधरा-वीस दिवसांनी कापत जा, बोथट राहतात."

"टोकं नाई. मुळासकट. पुन्हा आलीच नाई पाह्यजे."

डॉक्टरांनी चेन लावली. "काका, मांजरीचं नख आपल्यासारखं वरून चिकटलेलं नसते. ते बोटाच्या शेवटच्या हाडातून येते. नख काढाचं म्हणजे ते पेरच कापावं लागते. दाखवतो. आणा हात."

सांगता सांगता तिने टेबलावर टेकलेला त्यांचा उजवा हात उचलला आणि अंगठ्याने तर्जनीचं शेवटचं पेर दाबायला गेली. पेर तिथे नव्हतंच. बोट मधेच संपलं होतं, वरती गुळगुळीत, ताणलेली कातडी. कडबा कापायच्या मशीनमध्ये ते गेलं त्याला आता जन्म लोटला होता. घनश्यामराव तो हात सहसा खिशात किंवा मांडीखाली ठेवत. डॉक्टरांच्या अंगठ्याला रिकामं लागलं आणि ती थांबली.

"माफ करा," ती हात सोडत म्हणाली. "माह्या ध्यानात नाई आलं."

"ध्यानात याचं काय कारण?" त्यांनी हात ओढून घेतला. "करता का नाई ते सांगा."

"नाई करत."

"काहून?"

"जनावराचा छळ होतो तो. कायद्यानं गुन्हा आहे. अन् कायदा नसता तरी म्या केलं नसतं."

"एका पेरानं कोणी मरत नाई," घनश्यामराव म्हणाले.

शब्द तोंडातून गेले आणि त्यांना ते ओळखीचे वाटले. कुणाचे, हे आठवायला त्यांनी स्वतःला वेळ दिला नाही.

"मरत नाई," डॉक्टर म्हणाली. "पण चालताना जन्मभर दुखते. मंग ते मांजर चावाले लागते, कोपऱ्यात मुतते. तुमची भीत वाचंन, बाकी काई वाचणार नाई."

"दुसरा डॉक्टर पाहतो मी."

"पाहा. पण कोणी केलं हे मले कळल्याशिवाय राहणार नाई. तुमची अन् त्याची, दोघायची तक्रार करीन मी."

"धमकी देऊन राह्यली का?"

"हो," डॉक्टर म्हणाली आणि बकरीकडे वळली.

घनश्यामरावांनी थैला उचलला. कानशिलं तापली होती. काल शिकलेली पोरगी आपल्याला पोलिसाची भीती दाखवते. घराकडे वळायच्या ऐवजी त्यांनी गाडी केळापूरच्या रस्त्याला घातली. नखं निघत नाहीत तर मांजरच सोडून देऊ, आणि सुनेला सांगू, दार उघडं राहिलं, पळालं. ती काय करणार आहे?

गाव यायच्या आधीच, एका कडुनिंबाखाली ते थांबले. हायवेवरून ट्रक जात होते, त्यांचा घोंगाट इथपर्यंत येत होता. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली. एका शेतात बाया कमरेला ओटी बांधून वेचणी करत होत्या. त्यांनी थैला जमिनीवर ठेवला, चेन पूर्ण उघडली आणि म्हणाले, "निघ."

बुंदी निघाली नाही. आतल्या आत मागे सरली. ट्रकचा हॉर्न वाजला तशी आणखी आक्रसली. त्यांनी हात घालून मानगूट धरली आणि ओढली. मांजराने चारही पायांची नखं थैल्याच्या कापडात रुतवली, मग एक पाय सोडवून त्यांच्या मनगटावर ओढला. रक्ताची रेघ निघाली. त्यांनी शिवी हासडली, हात बाहेर काढला आणि धुऱ्यावर टेकले.

समोर वेचणी चालू होती. बोंडातून कापूस काढताना वाळलेल्या पाकळ्या बोटांना टोचतात. धडधाकट बोटांनाही टोचतात. मशीनने पेर नेलं त्याच हंगामात, जखम वरवर सुकली न सुकली तोच, बापाने त्यांना वेचणीला उभं केलं होतं. प्रत्येक बोंडाला त्या कच्च्या टोकात सुई घुसल्यासारखी कळ जायची. ते रडायला लागले, तेव्हा बाप सगळ्या बायांसमोर म्हणाला होता, "नाटकं नोको करू. एका पेरानं कोणी मरत नाई." त्यांनी वेचणी पुरी केली होती. पण ते वाक्य त्यांनी बापाला कधी माफ केलं नाही. बापाला अग्नी देतानाही त्यांना आधी तेच आठवलं होतं.

आणि आज ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने, त्या डॉक्टरसमोर, हाच हात ओढून घेतल्यावर म्हटलं होतं.

बापाचा राग आला, डॉक्टरचा आला, सुनेचा आला. थैल्यातल्या जनावराचाही आला, कारण ते निघून गेलं असतं तर हे काही आठवलंच नसतं. त्यांनी चेन लावली. मांजराची दया आली असं त्यांना कुणी म्हटलं असतं तर ते त्याच्या अंगावर धावून गेले असते. त्यांनी फक्त गाडी सुरू केली आणि वळवली.

घरी पोचले तर गेटजवळ दिपालीची स्कूटी उभी होती. कौसल्याबाईंनी तिला फोन केला होता. ती हॉलच्या मधोमध उभी होती, लॅबचा पांढरा कोट अजून अंगात.

"कुठी नेलतं तिले?"

त्यांनी थैला खाली ठेवला. बुंदी बाहेर आली आणि सरळ पलंगाखाली गेली. खोटं बोलायची तयारी त्यांनी रस्त्यात केली होती, पण आता ते नको वाटलं. घाबरल्यासारखं दिसलं असतं.

"डॉक्टरकडं. नखं काढाले."

दिपालीचा चेहरा उतरला. "काढली?"

"त्या बाईनं नाई म्हटलं."

"अन् मंग एवढा वेळ कुठी होते?"

"सोडाले गेलतो. केळापूरच्या रस्त्यानं."

कौसल्याबाई भिंतीला धरून उभ्या होत्या. मग दिपाली मागच्या दाराने बाहेर गेली. खांब घेऊन आली. पावसाने सुतळी काळी पडली होती, पाटाला चिखल लागला होता. तशाच चिखलासकट तिने तो सोफ्यामागे आणून ठेवला.

"हा इथून हालणार नाई," ती म्हणाली.

"हे घर माह्या नावावर आहे."

"असंन. मंग मले बी उचला अन् केळापूरच्या रस्त्यानं सोडून या. थैला मोठा लागंन फक्त."

"तोंड सांभाळून बोल."

"तुम्ही हात सांभाळला असता तं मी तोंड सांभाळलं असतं. मी माहेरी जाईन असं वाटत असंन तुम्हाले. मी नाई जात. मी इथंच राहीन, मांजर इथंच राहीन, अन् खांब बी इथंच."

घनश्यामराव खांबाकडे गेले. हात घातला की उचलला जाईल एवढंच अंतर होतं.

"राहू द्या तो," कौसल्याबाई म्हणाल्या.

त्यांनी वळून पाहिलं. इतक्या वर्षांत कौसल्याबाईंनी चारचौघांत त्यांना अडवलं नव्हतं. आताही त्यांचा आवाज मोठा नव्हता. "मी फोन केलता तिले," त्या म्हणाल्या. "मी उद्या बी करीन. तुमच्या एका भितीपायी मी अजून किती लोकांशी बोलणं सोडू? भाऊजीचं घर सुटलं, शेजार सुटला. आता ही पोट्टीबी सोडू का?"

घनश्यामरावांनी हात मागे घेतला. ते आत गेले, मनगटावर हळद लावली आणि त्या दिवशी जेवले नाहीत. अक्षय संध्याकाळी दुकानातून आला, सगळं ऐकलं, बायकोकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि या वेळी त्याला जायला दुकान नव्हतं. तो फडकं घेऊन खांबाचा चिखल पुसत बसला.

पुढचे काही आठवडे दिपालीने त्या मांजरामागे जीव टाकला. भिंतीच्या खराब भागावर तिने जाड प्लास्टिकचा कागद चिकटवला, म्हणजे नखं घसरावीत. खाली संत्र्याच्या साली टाकायची, रोज ताज्या. मांजराला तो वास सोसत नाही. खांबाला नवी सुतळी गुंडाळली आणि वर दोरीला चिंधी बांधली. बुंदी झोपेतून उठली की आळस द्यायच्या आत तिला खांबापाशी न्यायची, चिंधी हलवायची, आणि तिने खांबावर नखं टाकली की सुकटीचा एक तुकडा. भिंतीकडे वळली तर ओरडायचं नाही, नुसतं उचलून खांबापाशी आणायचं. पहिले काही दिवस बुंदी दोन्हीकडे जायची. मग भिंतीकडे कमी, खांबाकडे जास्त. शेवटी प्लास्टिक काढलं तरी ती सोफ्याच्या मागे जाऊन खांबच धरू लागली. सुतळीचे तंतू उडायचे आणि हॉलभर खरखर आवाज यायचा.

घनश्यामरावांना तो आवाज आवडला नाही. ते टीव्ही मोठा करत. भिंतीवरून तळहात फिरवायचं त्यांनी बंद केलं. दिवाळीच्या आधी पेंटर आणला, पण सायीचा तोच रंग काही जमला नाही. नवा पट्टा वेगळा दिसतो तो दिसतोच. पेंटरशीही भांडण झालं.

एकदा त्यांचा चुलतभाऊ आला. खांब पाहून त्याने विचारलं, "हे काय उभं केलं घनश्यामभाऊ?"

"मले काय विचारतो? जिनं उभं केलं तिले विचार," घनश्यामराव म्हणाले.

दिपालीने पाहुण्याला चहा दिला आणि सगळं नीट समजावून सांगितलं. घनश्यामराव पूर्ण वेळ खिडकीबाहेर पाहत होते. पाहुणा हसला, पण तोंडावर पदर धरल्यासारखा नाही. नुसता हसला, आणि म्हणाला, त्याच्या घरीही मांजराने दाराची चौकट खाल्ली आहे.

सासऱ्याचं आणि सुनेचं जुळलं असं काही झालं नाही. तिने त्यांना केळापूरच्या रस्त्याची माफी दिली नाही आणि त्यांनी मागितली नाही. कामावर जाताना ती आपल्या खोलीला कुलूप लावायची, मांजर आत ठेवून, आणि किल्ली सासूजवळ द्यायची. घनश्यामरावांना ते लागायचं. पण निरोप संपले. ती आता समोरच बोलायची आणि त्यांना समोरच उत्तर द्यावं लागायचं, तुटक असलं तरी.

एका रविवारी दुपारी ती ओसरीत बुंदीची नखं कापायला बसली. मांजर टॉवेलमध्ये गुंडाळलेलं, पण धडपडत होतं. अक्षय शेतावर होता. कौसल्याबाईंना नख नीट दिसेना.

"मामाजी, जराक धरता का?" तिने विचारलं.

"नाई धरत," ते म्हणाले. "तुह्यं मांजर, तू धर."

"बरं."

तिने मांजर मांडीत दाबलं, पंजा चेपून नख बाहेर काढलं आणि कटर लावलं. घनश्यामराव खुर्ची सोडून गेले नाहीत. मान थोडी पुढे आली होती.

"आतमंदी लाल दिसते तथी लावू नोको," ते म्हणाले.

"माहीत आहे मले," दिपाली म्हणाली आणि टोक कापलं.